आमची प्रवाळांची वाडी

पोवळें हा शब्द ज्यास ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा. नवरत्नांत त्याची गणना आहे, मंगळाच्या अंगठींत तें बसवितात, आणि कित्येक घरांत मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांमध्यें त्याचा एखादा तांबडा मणी ओंवलेला असतो. परंतु पोवळें म्हणजे काय, दगड कीं झाड कीं प्राणी, असें कोणीं विचारिलें तर जाणतीं माणसेंही घोंटाळ्यांत पडतात. संस्कृतांत यास विद्रुम असें नांव आहे. त्यांत ‘द्रुम’ म्हणजे झाड हा शब्द स्पष्टच दिसतो. प्रवाळ या शब्दाचाही एक अर्थ कोंवळा अंकुर असा आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनीं याची गणना वनस्पतींतच केली. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत असें लिहून ठेविलें आहे कीं, रोमन लोकांत मोत्यांस जो मान तोच हिंदुस्थानांत पोवळ्यांस आहे.

या प्रवाळाशीं आमचा जो घरगुती संबंध जडला, त्याची हकीकत या वार्षिकांत द्यावी असें आम्हीं योजिलें आहे. माजी विद्यार्थ्यांनीं आपल्या अनुभवांतील कांहीं लिहावें अशी संपादकांची इच्छा आहे. आणि गेलीं कांहीं वर्षें लंडन शहरीं राहत असतां घरच्या एका लहानशा टाकींत जिवंत प्रवाळ वाढविण्याचा व वांटण्याचा जो उद्योग आम्हीं केला, त्याहून अधिक सांगण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नाहीं.

परंतु प्रथम हा प्राणी कोण हें सांगितलें पाहिजे. युरोपांतही याविषयींचा घोंटाळा फार काळ चालला होता. १७०६ मध्यें मार्सिली नांवाच्या इटालियन गृहस्थानें ताजें पोवळें समुद्राच्या पाण्यांत ठेविलें, तों त्यावर आठ पाकळ्यांचीं पांढरीं फुलें उमललेलीं त्यास दिसलीं. पोवळें ही वनस्पतीच होय, याचा हा पक्का पुरावा असें विद्वानांनीं मानिलें. पुढें मार्सेल्स शहरचा पेसोनेल नांवाचा वैद्य आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर हींच फुलें न्याहाळीत बसला. हीं फुलें नसून लहान लहान प्राणी आहेत, असा निर्णय करून त्यानें तो पॅरिसच्या विज्ञानसभेस कळविला. त्या सभेंतील रोमूर नांवाच्या थोर शास्त्रज्ञास हें म्हणणें इतकें अशक्य वाटलें कीं, १७२७ मध्यें ही हकीकत सभेपुढें मांडतांना, लिहिणाऱ्याचें हंसें होऊं नये म्हणून, त्यानें पेसोनेलचें नांवच गाळिलें!

हा वाद मिटविण्यास कारण झाला तो एक शिक्षक. आब्राहम ट्रेंबली हा जिनीव्हाचा तरुण हॉलंडांत हेग शहराजवळ एका सरदाराच्या दोन मुलांस शिकवीत असे. १७४० मध्यें डबक्याच्या पाण्यांत त्यास हिरव्या दोऱ्यांच्या तुकड्यांसारखे कांहीं जीव आढळले. हे जीव वनस्पती कीं प्राणी, हें ठरविण्याकरितां त्यानें एक जीव मधोमध कापिला. वनस्पती असेल तर दोन्ही तुकडे जगतील, प्राणी असेल तर मरतील, अशी त्याची अटकळ. थोड्याच दिवसांत दोन्ही तुकड्यांचे दोन पुरे जीव झाले. तथापि हेच जीव जागा सोडून चालत, आणि तोंडाभोंवतींच्या तंतूंनीं भक्ष्य धरून गिळीत! तेव्हां फांदीप्रमाणें कापून वाढणारा प्राणी सृष्टींत असूं शकतो, हें सिद्ध झालें. हे प्रयोग कळल्यावर रोमूरनें १७४२ मध्यें, पेसोनेलचें म्हणणें खरें होतें, असें उघडपणें छापिलें. मोठ्या विद्वानानें आपलें मत असें बदलावें, ही गोष्ट आमच्या मतें त्या शोधाइतकीच स्मरणीय आहे.

प्रवाळ हा याच जातकुळीचा प्राणी होय. एक मऊ पिशवी, तिला वर एकच तोंड, तोंडाभोंवतीं तंतूंचें वर्तुळ, एवढेंच त्याचें शरीर. खडक बांधणाऱ्या प्रवाळांचे असे हजारों जीव एकमेकांस चिकटून राहतात आणि पाण्यांतील चुना घेऊन पायाखालीं घर बांधीत जातात. जीव मरतो, घर राहतें, त्यावर पुढची पिढी बांधकाम चालू ठेवते. त्यांच्या अंगांत अतिसूक्ष्म शैवालें राहतात. तीं सूर्यप्रकाशांत अन्न तयार करितात व त्यांतील मोठा वांटा यजमानास देतात. यजमान त्यांस आसरा व खत देतो. प्रवाळांचे बहुतेक सुंदर रंग या जोडीमुळेंच आहेत. हीं भाडेकरू शैवालें निघून गेलीं कीं प्रवाळ पांढरें फटक पडतें, आणि तीं लवकर न परतल्यास उपासमारीनें मरतें.

आतां आमच्या टाकीकडे वळूं. लंडनच्या दक्षिण भागांत हॉर्निमन नांवाचें एक संग्रहालय आहे. चहाच्या व्यापारांत संपत्ति मिळविलेल्या फ्रेडरिक हॉर्निमन या गृहस्थानें तें १९०१ मध्यें लोकांस अर्पण केलें. तेथील मत्स्यालयांत संशोधकांनीं बंदिस्त टाकींत प्रवाळांस अंडीं घालावयास लावण्याचा उद्योग आरंभिला. समुद्रांत बहुतेक प्रवाळ वर्षांतून एखाद्या ठराविक काळीं, चंद्राच्या कलेस अनुसरून, एकाच रात्रीं अंडीं सोडतात. या संशोधकांनीं टाकीवर कृत्रिम सूर्य व कृत्रिम चंद्र टांगिले, ऋतूंप्रमाणें पाण्याची उष्णता कमीअधिक केली, आणि प्रवाळांची फसगत करून त्यांस समुद्रांतल्याप्रमाणें वेळेवर प्रसवावयास लाविलें. त्यांची पद्धति २०१७ मध्यें प्रसिद्ध झाली. तें मत्स्यालय पाहून आल्यापासून आमच्या दोन्ही मुलांनीं आमच्या मागें एकच धोशा लाविला, कीं आपल्या घरीं प्रवाळ पाहिजे.

अंडीं व चंद्र हें काम आमच्या शक्तीबाहेरचें. परंतु ट्रेंबलीच्या वाटेनें, म्हणजे तुकडे कापून, प्रवाळ वाढवितां येतें. आणि त्यास एक लहान टाकी पुरते. आमच्या रस्त्यावर राहणारे एक वृद्ध इंग्रज गृहस्थ हा नाद पुष्कळ वर्षें करीत आले होते. त्यांनीं आम्हांस पहिला धडा दिला तो असा: “प्रवाळ आणण्यापूर्वीं पाणी आणा.”

२०१९ च्या सप्टेंबरांत आम्हीं साठ लिटरची एक कांचेची टाकी भक्कम तिवईवर मांडली. नळाचें पाणी जसेंच्या तसें चालत नाहीं. त्यांतील जंतुनाशक औषध व धातूंचे अंश प्रवाळांस मारक असतात. म्हणून तें सूक्ष्म गाळणींतून गाळून अगदीं कोरें करून घ्यावें लागतें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांत कॅल्शियम ४०० मिलिग्रॅमच्या व मॅग्नेशियम १३०० मिलिग्रॅमच्या आसपास. हें सर्व प्रमाण साधलेलें तयार मीठ मिळतें. तें सव्वादोन किलोच्या सुमारास आमच्या टाकीस लागलें. स्वयंपाकाच्या मिठानें हें काम होत नाहीं, हें सांगावयास नकोच. उष्णता २५ अंशांवर राखणारी एक कांडी, पाण्यास सतत हेलकावा देणारा एक पंप, वर निळसर झांक असलेला विजेचा दिवा, तळाशीं सच्छिद्र खडकाचे तुकडे, एवढें मांडून झाल्यावर मुलांनीं विचारिलें, “आतां प्रवाळ कधीं?” उत्तर होतें, सहा आठवड्यांनीं.

या सहा आठवड्यांत टाकींत पाहण्यासारखें कांहींच नसतें, परंतु मुख्य काम त्यांतच होतें. सजीवांच्या मळापासून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो. तो विषारी आहे. खडकाच्या छिद्रांत वस्ती करणारे एक प्रकारचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात, तेंही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जंतु त्याचें नायट्रेट करितात, आणि तें थोडें असल्यास बाधत नाहीं. हे दोन प्रकारचे अदृश्य मेहतर पुरेसे वाढेपर्यंत टाकींत दुसरा जीव सोडणें म्हणजे त्यास विष पाजणें होय. आमच्या कन्येनें दर रविवारीं पाण्याची परीक्षा करून वहींत आंकडे मांडिले. प्रथम अमोनियाचा आंकडा चढला व उतरला, मग नायट्राइटचा चढला व उतरला. ज्या रविवारीं दोन्ही रकान्यांत शून्य आलें, त्या दिवशीं घरांत जो आनंद झाला तो परीक्षेच्या निकालासही होत नाहीं.

त्याच संध्याकाळीं वृद्ध गृहस्थांनीं आपल्या टाकींतील प्रवाळांचे चार तुकडे आणून दिले. तीन मऊ जातीचे होते. चौथें माँटीपोरा नांवाचें कठीण प्रवाळ, बोटांसारख्या फांद्या असलेलें, फिकट केशरी रंगाचें. तुकडा करंगळीच्या पेराएवढा होता. आम्हीं किंमत विचारिली, तेव्हां ते म्हणाले, “किंमत एवढीच, कीं हा वाढला म्हणजे एक तुकडा कोणास तरी असाच द्या.” येथील हौशी लोकांत ही चालच आहे. परक्या समुद्रांतून कठीण प्रवाळ आणावयाचें तर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. पण टाकींतच जन्मलेल्या प्रवाळांचे तुकडे शेजारधर्मानें एका घरांतून दुसऱ्या घरांत जात असतात.

पुढें रोजची चाकरी सुरू झाली. टाकींतील पाण्याची वाफ होते, पण मीठ मागें राहतें; म्हणून रोज सकाळीं जितकें पाणी कमी झालें असेल तितकें कोरें पाणी घालावें लागतें, खारें घालून चालत नाहीं. आठवड्यास एकदां दहावा हिस्सा पाणी काढून नवें खारें पाणी भरावें लागतें, म्हणजे प्रवाळांनीं खर्चिलेला चुना भरून येतो व सांचलेलें नायट्रेट निघून जातें. कांचेवरील शेवाळ पुसणें, गोगलगाई मोजणें, पंपाची जाळी धुणें, हीं कामें मुलांनीं आपसांत वांटून घेतलीं. आमच्या मतें या टाकीचा मोठा लाभ हाच झाला. पाळीव कुत्रें भूक लागली म्हणजे भुंकतें. प्रवाळ कधीं तक्रार करीत नाहीं. त्याची गरज आपण होऊन ओळखावी लागते.

सुमारें सव्वा वर्षांत माँटीपोरा चार बोटांएवढें उंच झालें व त्यास सहा फांद्या फुटल्या. आतां वचन पाळण्याची वेळ आली, म्हणजे कात्री लावण्याची. तेव्हां कन्या आमचा हात धरून म्हणाली, “बाबा, त्याला दुखत नाहीं का?”

प्रश्न साधा नव्हता. प्रवाळास मेंदू नाहीं. त्याच्या अंगांत मज्जातंतूंचें नुसतें विरळ जाळें आहे. आपणांस जशी वेदना होते तशी त्यास होत असेल असें मानण्यास आधार नाहीं. तथापि स्पर्श होतांच तें अंग आवरतें हेंही खरें. आम्हीं तिला असें सांगितलें कीं, समुद्रांत वादळें होतात, लाटांनीं प्रवाळांच्या फांद्या मोडतात, आणि त्या पडल्या जागीं रुजून नव्या वसाहती होतात. कित्येक जातींची वाढ मुख्यतः अशीच होते. आपण कात्री लावितों ती त्या लाटेच्या जागीं. आमच्या मातोश्री तेव्हां कोंकणांतून येऊन आमच्याकडे राहिल्या होत्या. त्या शेजारून म्हणाल्या, “अगो, शेवग्याची फांदी तोडून पावसापूर्वीं पुरतात, तसेंच हें. तोडणाऱ्यानें लावली नाहीं तर मात्र पाप.” आम्हीं दिलेल्या उत्तरापेक्षां तें उत्तर तिला अधिक पटलें, आणि आम्हांसही.

कापण्याची रीत अशी. हातमोजे व डोळ्यांवर चष्मा घातल्यावांचून काम करूं नये. कांहीं प्रवाळांच्या अंगांत पॅलिटॉक्सिन नांवाचें अति जहाल विष असतें. फांदी धारदार चिमट्यानें एका झटक्यांत तोडावी, रेंगाळूं नये. तुकडा स्वच्छ खाऱ्या पाण्यांत खळबळून चिनी मातीच्या लहान चकतीवर पाण्यांतही घट्ट होणाऱ्या गोंदानें चिकटवावा, आणि टाकींत जेथें उजेड व प्रवाह मध्यम असेल तेथें ठेवावा. कांहीं दिवस तो मिटून राहतो. मग तंतु बाहेर येतात. कांहीं आठवड्यांनीं तुकड्याची कड चकतीवर पातळ थराप्रमाणें पसरूं लागते, म्हणजे तो रुजला असें समजावें. मूळ फांदीची जखमही भरून येऊन तेथें बहुधा एकाच्या जागीं दोन टोंकें निघतात.

असे पांच तुकडे त्या वर्षीं तयार झाले. त्यांतील एक २०२१ च्या उन्हाळ्यांत कन्येच्या वर्गांतील एका मुलास दिला. हा मुलगा पोलंडांतून नुकताच आलेला, इंग्रजी अडखळत बोलणारा, वर्गांत एकटा बसणारा. त्याच्या वडिलांनीं घरच्या जुन्या टाकींत समुद्राचें पाणी तयार केलें, आमच्या कन्येनें आपली वही त्यास नेऊन दाखविली, आणि सहा आठवडे दोघांनीं मिळून अमोनिया मोजिला. भाषा अपुरी होती, पण आंकडे दोघांसही समजत होते.

२०२२ च्या फेब्रुवारींत इंग्लंडच्या दक्षिण भागांत फार मोठें वादळ झालें. झाडें उन्मळून पडलीं, तारा तुटल्या, आणि आमच्या रस्त्यावरची वीज सकाळीं गेली ती रात्रीं आली; सुमारें अकरा तास घर अंधारांत होतें. प्रवाळांस अंधाराचें भय नाहीं. रात्र त्यांस रोजचीच आहे. भय दोन गोष्टींचें. पंप थांबला म्हणजे पाण्यांत हवा मिसळत नाहीं आणि जीव गुदमरूं लागतात. आणि थंडीच्या दिवसांत पाणी निवत जातें. आम्हीं टाकीस घोंगडी गुंडाळिली. घरांतील मंडळींनीं गॅसच्या शेगडीवर पाणी तापवून बाटल्यांत भरलें व त्या बाटल्या टाकींत तरंगत ठेविल्या. मुलें पाळीपाळीनें ओगराळ्यानें पाणी वर काढून उंचावरून परत ओतीत बसलीं, म्हणजे हवा मिसळावी. चिरंजीव आठ वर्षांचा. हात दुखूं लागले तरी त्यानें ओगराळें खालीं ठेविलें नाहीं. संध्याकाळीं पाणी २० अंशांवर आलें होतें.

मऊ जातीचीं प्रवाळें वांचलीं. माँटीपोराचें मात्र दुसऱ्या दिवशीं मांस सुटूं लागलें, आणि तिसऱ्या दिवशीं मूळ वसाहत व तिचे उरलेले तुकडे यांचे पांढरे सांगाडे तेवढे राहिले. ज्यांनीं आम्हांस तें दिलें होतें त्या वृद्ध गृहस्थांच्या घरची वीज त्याच तारेवर होती. ते एकटे राहत. ओगराळें धरणारें दुसरें कोणी नव्हतें. त्यांच्या टाकींतील सर्व कठीण प्रवाळें गेलीं. अठरा वर्षें त्यांनीं ती केशरी जात जोपासली होती. आम्ही भेटावयास गेलों तेव्हां ते टाकीपुढें न बसतां खिडकीकडे तोंड करून बसले होते.

त्या पोलिश मुलाचें घर दोन मैलांवर. तेथें वीज गेलीच नव्हती. त्याच्याकडे दिलेला तुकडा सुखरूप होता, इतकेंच नव्हे तर तोंपर्यंत त्यास चार फांद्या फुटल्या होत्या. मे महिन्यांत तो मुलगा व त्याचे वडील दोन चकत्या डब्यांत घालून आमच्या घरीं आले. एक चकती आमच्या टाकींत ठेविली. दुसरी घेऊन आमची कन्या व तो मुलगा वृद्ध गृहस्थांकडे गेलीं. त्यांनीं त्या मुलास पूर्वीं कधीं पाहिलेंही नव्हतें. डबा उघडून त्यांनीं तुकडा ओळखला, आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं मुलास विचारिलें, “याला प्रकाश किती तास देतोस?” त्या दिवसापासून तो मुलगा दर शनिवारीं त्यांच्याकडे जाऊं लागला, त्याचें इंग्रजी पुढें इतकें सुधारलें कीं तो आतां आमच्याच चुका काढतो.

जें आम्हीं राखून ठेविलें होतें तें सर्व गेलें, आणि जें देऊन टाकिलें होतें तेवढेंच उरलें. हा कांहीं चमत्कार नव्हे. एकाच ठिकाणीं सांठविलेली वस्तु एकाच संकटानें नष्ट होते, एवढाच त्यांतील हिशेब आहे. पण तो आम्हांस कागदावर कळला असता तर इतका कळला नसता.

मोठ्या प्रमाणावर जे लोक प्रवाळांचें रक्षण करितात त्यांचाही हाच हिशेब आहे. समुद्रतळाचा शंभरावा हिस्सासुद्धां प्रवाळांनीं व्यापिलेला नाहीं. तरी सागरांतील सुमारें पाव जातींस त्यांचा आसरा आहे. उन्हाळ्यांतील नेहमींच्या कमाल उष्णतेहून एकच अंश अधिक उष्णता कांहीं आठवडे टिकली तरी प्रवाळें पांढरीं पडूं लागतात. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळांत पृथ्वीवर सर्वत्र असें घडलें; चौथ्या वेळीं तसेंच घडत असल्याचें २०२४ च्या एप्रिलांत जाहीर झालें. अमेरिकेंतील फ्लोरिडा येथें डेव्हिड वॉन या शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, प्रवाळाचे अगदीं बारीक तुकडे केल्यास ते मोठ्या तुकड्यांपेक्षां कितीतरी वेगानें वाढतात. त्या रीतीनें तेथें प्रवाळांच्या रोपवाटिका चालतात. २०२३ च्या उन्हाळ्यांत तेथील समुद्र इतका तापला कीं, पाण्यांतील रोपवाटिकांमधून हजारों प्रवाळें उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणावीं लागलीं. आपल्या देशांतही तुतिकोरीनजवळ मन्नारच्या आखातांत व गुजरातेंत मिठापूर येथें प्रवाळांची पुनर्लावणी झाली आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामाकरितां वरळी व हाजीअली येथील खडकांवरच्या प्रवाळ वसाहती २०२० मध्यें उचलून दुसरीकडे नेल्या गेल्या. मुंबईच्या गढूळ पाण्यांत प्रवाळ आहे, हेंच पुष्कळांस त्या वेळीं प्रथम समजलें.

हें वाचून, आपणही सुट्टींत मालवणास जाऊन एखादा तुकडा घेऊन यावा, असें कोणा विद्यार्थ्याच्या मनांत येईल. म्हणून स्पष्ट सांगतों. सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींच्या समुद्रांत प्रवाळें आहेत, आणि १९८७ पासून मालवणचा तो भाग सागरी अभयारण्य आहे. शिवाय खडक बांधणारीं सर्व प्रवाळें २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत, म्हणजे वाघाच्याच पंक्तींत आहेत. तीं तोडणें, घरीं ठेवणें वा विकणें गुन्हा आहे. आम्हीं जें केलें तें परदेशांतील कायद्यांत बसणारें होतें. हिंदुस्थानांत तें करूं नये, आणि पालकांनींही मुलांच्या हट्टास्तव करूं देऊं नये.

कायदा बाजूस ठेविला तरी याविषयीं एक जुनी साक्ष आहे. फिलिप गॉस हा एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज सृष्टिशास्त्रज्ञ अत्यंत भाविक ख्रिस्ती गृहस्थ होता. समुद्रांतील जीव कांचेच्या टाकींत कसे पाळावे, यावर त्यानें १८५४ मध्यें ग्रंथ लिहिला. ईश्वराच्या कृतीकडे लोकांनीं आदरानें पाहावें हाच त्याचा हेतु. परंतु ग्रंथ इतका लोकप्रिय झाला कीं, हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या आणि त्यांनीं खडकांमधील डोह ओरबाडून ओस पाडिले. त्याचा पुत्र एडमंड यानें १९०७ च्या ‘फादर अँड सन’ या पुस्तकांत त्या उजाड डोहांबद्दल खेद व्यक्त केला आहे. प्रेमानेंही नाश होतो, तो असा.

मग शाळेंतील मुलांनीं करावें काय? ट्रेंबलीनें केलें तें. त्याचा तो जीव म्हणजे हायड्रा, ज्यास जलव्याल असेंही म्हणतात. प्रवाळाचा हा गोड्या पाण्यांतील दूरचा भाऊ, आणि स्वच्छ तळ्यांत तो सांपडतो. वडील माणसांबरोबर जाऊन तळ्यांतील पाणवनस्पतींच्या दोनचार काड्या व तेथलेंच पाणी कांचेच्या बरणींत आणावें. बरणी खिडकीजवळ, परंतु कडक उन्हांत न येईल अशी, एकदोन दिवस न हलवितां ठेवावी. दैव अनुकूल असल्यास पानांवर किंवा कांचेवर अर्ध्यापाऊण सेंटिमीटरचे दोरे लोंबतांना दिसतील. टोंकाशीं तंतु असतील आणि बरणी हलवितांच ते आंखडतील. पाण्यांतील बारीक उड्या मारणारे किडे हें त्याचें अन्न. पोट भरलेलें असल्यास कांहीं दिवसांत त्याच्या अंगास कळी फुटते, कळीस तंतु येतात, आणि एके सकाळीं ती सुटून वेगळी राहूं लागते. पहिल्या खेपेस न सांपडल्यास दुसऱ्या तळ्याचें पाणी पाहावें.

यास खर्च बहुतेक कांहीं नाहीं. एक बरणी, एक भिंग व एक वही पुरे; वहींत रोजची तारीख, पाण्याची उष्णता व जीवांची संख्या मांडावी. बरणींतील जीव दहा झाले म्हणजे पांच जवळ ठेवावे आणि पांच दुसऱ्या मुलास द्यावे. देतांना त्याच्याकडून एवढेंच कबूल करून घ्यावें, कीं तोही पुढें तसेंच करील.